लिहिलेलं एक, चालू दुसरंच

शिसारी मला घाणीची येत नाही. लोकांना वाटतं, लॅब चालवणारी बाई म्हणजे सदा नाक मुरडून बसलेली असणार. लॅब नवी होती तेव्हा हे मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे आणि मागच्या मोरीत बाटल्या मी घासायची. लघवीच्या, थुंकीच्या, नको त्या सगळ्या. नाक धरायला हात मोकळा नसायचा. चौथीत शाळा सुटली, त्यामुळे रिपोर्टातलं मला ओ की ठो कळायचं नाही, पण बाटली निघाली की नाही ते उजेडात धरल्यावर कळायचं. ती घाण धुतली की जाते. तोंडाने ‘झालं’ म्हणायचं आणि झालेलं नसायचं, ही घाण कुठल्या मोरीत धुवायची? हिची मला शिसारी येते. आणि ती मला माझ्याच लॅबमध्ये, माझ्याच माणसांनी घोटाघोटाने पाजली.

हे गेल्यावर लॅब वाढली. मुलगा डॉक्टर झाला, रिपोर्टवर सही त्याची असते. पुढच्या काउंटरवर मी बसते. सून कॉम्प्युटर शिकलेली. सगळ्या पेशंटांचे निकाल ज्यात साठतात तो डेटाबेस ती सांभाळते. त्याचा मुख्य पासवर्ड, म्हणजे तिजोरीची किल्लीच म्हणा, तिच्याकडे. पण डेटाबेस बसवून दिला होता जावयांनी, सून घरात यायच्या आधी. त्यांचा धंदाच तो. जावई आले की आमच्याकडे खुर्ची पुसून पुढे केली जायची आणि ते बोलले की सगळ्यांच्या माना हलायच्या. माझीही.

झालं ते असं. लघवी आणि शौचाची तपासणी आमच्याकडे टेक्निशियन डोळ्यांनी करतो. सकाळच्या सगळ्या डब्या तपासायच्या, जे दिसलं ते स्क्रीनवर भरत जायचं, शेवटी ‘जतन करा’ दाबायचं. स्क्रीनवर ‘जतन झालं’ आलं, की उठून डब्या बॉयलरमध्ये टाकायच्या आणि बॉयलर चालू करायचा, म्हणजे रोगजंतू मरतात आणि डब्या बाहेर टाकता येतात. पद्धत चांगली आहे. ह्यांनीच घालून दिलेली. पण अलीकडे तो बॉयलर चालू केला की कधीमधी अख्ख्या लॅबची वीज उडायची. कॉम्प्युटरची बॅटरीही थकलेली, तिला जाग यायच्या आत सगळं अंधारलेलं. वीज आली, कॉम्प्युटर उठला, आणि सकाळचे निकाल नाहीत! टेक्निशियन शपथा घेतोय, ‘जतन झालं’ आलं होतं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि डब्या? त्या उकळून निघालेल्या.

मग पेशंटांना तोंड द्यायला कोण? काउंटरवरची म्हातारी.

जज्जसाहेब ह्यांच्या वेळेपासूनचे पेशंट. रिटायर झाले तरी कोटाचं बटण गळ्यापर्यंत. रिपोर्ट घ्यायला आले. मी म्हटलं, “साहेब, डबी पुन्हा आणून द्यावी लागेल.”

“कसली डबी?”

“तीच हो.”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. “वहिनी, या वयात ती गोष्ट मागितली की हजर होत नाही. पहिली कुठे गेली?”

“उकळली.”

“आणि रिपोर्ट?”

“तो लिहिला होता. मग नव्हता.”

“लिहिला होता, मग नव्हता,” ते पुटपुटले. “असे साक्षीदार मी आत पाठवत असे.”

त्यांनी दुसरी डबी आणली. महिना उलटायच्या आत पुन्हा तसंच झालं आणि त्यांची तीही डबी त्यातच सापडली. या वेळी त्यांनी पावतीची नीट घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. बोलले असते तर बरं वाटलं असतं. त्यांच्या मागे एक पोरगी उभी होती, पोटातल्या दुखण्याने पिवळी पडलेली. तिच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिल्याशिवाय औषध देणार नाही असं सांगितलेलं. “मावशी, मी काय करू?” एवढंच म्हणाली. मला जमिनीने गिळावं असं झालं. बाटल्या घासताना कधी झालं नव्हतं.

पहिल्या वेळी सगळ्यांनी टेक्निशियनला झोडपलं होतं. दुसऱ्या वेळी जावयांनी सुनेकडे बोट केलं. पाय पसरून बसले होते, चहाचा कप पोटावर.

“आई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. डेटाबेस ही बाहुली नव्हे खेळायला. मी दिला तेव्हा ठणठणीत होता. हिच्या हातात गेल्यापासून हे असं. मुख्य पासवर्ड माझ्याकडे द्या, माझी माणसं बघतील. हिने घर बघावं.”

सून दारात उभी. तोंड लाल. “मी रोज तपासते. सेटिंग बरोबर आहे.”

“बरोबर आहे तर जातंय कुठे? उंदीर खातात?” जावई हसले. माझी लेकही हसली, नवऱ्यासाठी. मुलगा चष्मा पुसत बसला. बायकोच्या बाजूने बोलायची वेळ आली की त्याच्या चष्म्यावर धूळ फार बसते.

मी सुनेला आत नेलं. म्हटलं, “कसली सेटिंग? मला कळेल असं सांग. इंग्रजी फाडलंस तर उठून जाईन.”

तिने सांगितलं. निकाल आला की डेटाबेस दोन तऱ्हांनी वागू शकतो. एक, आधी पक्कं लिहून ठेवायचं आणि मग ‘झालं’ म्हणायचं. दुसरं, ऐकल्याबरोबर ‘झालं’ म्हणून मोकळं व्हायचं आणि सवडीने लिहायचं. दुसऱ्यात काम भरभर सरकतं. पण सवड मिळायच्या आत वीज गेली की गेलं.

“म्हणजे खोटं बोलायचं.”

“तसंच म्हणा. पण आपल्याकडे पहिली तऱ्हा आहे, आई. हे बघा.” तिने स्क्रीनवर सेटिंगची फाइल उघडली. पहिल्या तऱ्हेपुढे ‘चालू’ असं लिहिलेलं होतं. मग थेट डेटाबेसलाच विचारलं. त्यानेही सांगितलं, चालू.

“मग जातंय कुठे?”

“तेच मला कळत नाही,” ती म्हणाली, आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

खरं सांगते, मला तिचीही शिसारी आली त्या घटकेला. बरोबर आहे, बरोबर आहे म्हणायचं आणि उकळलेल्या डब्यांचा हिशेब नाही! मी म्हटलं, “रविवारी सगळे जेवायला आहेत. तोवर सांगितलंस तर ठीक, नाहीतर पासवर्ड जावयांच्या हातात मी स्वतः देणार. आणि दिल्यावर रडायचं नाही.” तिने मान हलवली. नवी नोकरी सोडून ती आमच्या लॅबमध्ये आली होती, मीच आणली होती. घरात बसवली असती तर ती वाळून गेली असती, हे मला दिसत होतं. तरी बोलले.

शुक्रवारी थंडी वाजत होती म्हणून मी खुंटीवरचा कुणाचा तरी पांढरा कोट चढवला, तोंडाला मास्क लावला आणि पुढे रांग होती म्हणून मागच्या दाराने आत गेले. टेक्निशियनने मान वर न करता म्हटलं, “फ्रिज लाव रे नीट, सारखा उघडा राहतो.” मला कुणी तरी पोऱ्या समजला होता तो.

नमुन्यांच्या फ्रिजमध्ये खायचं काही ठेवायचं नाही, हा माझा नियम. दारावर लाल अक्षरांत लावलेला. रोज सकाळी मी येते, फ्रिज उघडते, बघते, स्वच्छ. वर्षानुवर्षं स्वच्छ. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

मी फ्रिज उघडला. रक्ताच्या नळ्या. त्याखाली झाकणं लावलेल्या डब्या, त्याच. आणि त्या डब्यांना टेकून, अगदी गालाला गाल लावून, जेवणाचा डबा. कोपऱ्यात चेपलेला. तो डबा मी ओळखते, त्याला चेपलं मीच होतं, हातातून पाडून. सकाळी उठून मी माझ्या हाताने भरलेला, माझ्या डॉक्टर मुलाचा डबा! शेजारी कुणाचं तरी दही, त्यात चमचा उभा.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी मास्क खाली ओढला. टेक्निशियनने वर पाहिलं आणि त्याच्या हातातली काच निसटली.

“मोठ्या बाई, तुम्ही? मागून?”

“का, पुढून आले असते तर हा डबा चालत बाहेर गेला असता?”

बाटल्या घासताना नाही आली ती शिसारी आत्ता आली. डबा तसाच दोन बोटांत धरून मी सुनेच्या टेबलावर नेऊन आदळला. “बघ तुझ्या नवऱ्याचे प्रताप. हे शिकायला पाठवला होता याला एवढी वर्षं? रोज बघते मी तो फ्रिज, रोज!”

ती डोळे चोळत होती, रात्रंदिवस त्या स्क्रीनला डोळे लावून बसल्यासारखी. तोंडातून निघून गेलं तिच्या, “आई, तुम्ही पुढच्या दाराने आलात की बेल वाजते ना. बेल वाजली की डबे बॅगेत जातात. सगळ्यांना माहीत आहे.”

“तुलाही?”

“मलाही.”

“आणि तू गप्प?”

तिचे डोळे चोळणारे हात थांबले. मला वाटलं घाबरली. घाबरली नव्हती. माझ्याकडे बघत होती पण मी तिला दिसत नव्हते. हळूच म्हणाली, “तुम्ही बघता तेव्हा स्वच्छ. मी बघते तेव्हा चालू.”

“काय बडबडतेस?”

“आई, मी नेहमी माझ्या लॉगिनने बघते. निकाल भरले जातात ते टेक्निशियनच्या लॉगिनने.”

ती उठली, टेक्निशियनच्या खुर्चीत जाऊन बसली, त्याच्या नावाने आत शिरली आणि तोच प्रश्न त्याच डेटाबेसला पुन्हा विचारला. मी मागे उभी. उत्तर आलं.

बंद.

त्याच मशीनने, त्याच तोंडाने. मालकिणीला सांगितलं चालू, आणि राबणाऱ्याला बंद. फाइलमध्ये चालू लिहिलेलंच होतं, ते कुणी पुसलं नव्हतं. फक्त टेक्निशियनच्या लॉगिनला कुणी तरी गुपचूप वेगळा हुकूम चिकटवून ठेवला होता, आणि तो हुकूम फाइलवर भारी पडत होता. फाइल शंभरदा वाचली असती तरी दिसला नसता. मला थुंकावंसं वाटलं.

“कुणी चिकटवला?”

“ते डेटाबेस सांगत नाही, आई. कुठून आला एवढंच सांगतो, तेही नेमकं तिथे जाऊन विचारलं तर. मी कधी तिथून विचारलंच नाही.” तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. “आणि ही एकच सेटिंग थोडीच आहे. अशा ढीगभर आहेत. कुठली फाइलमधून येते, कुठली चालू करताना दिलेली, कुठली लॉगिनला चिकटवलेली. सगळं एका जागी कुठेच दिसत नाही.”

“मग दिसेल असं कर.”

“तेच करते.”

शनिवारचा दिवस ती जेवायलाही उठली नाही. मी ताट तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं, आणि फ्रिजपासून लांब ठेवलं हे तिला ऐकवूनही आले. टेक्निशियनचा हुकूम तिने आधीच काढून टाकला होता. तरी बसली. म्हणाली, हा काढला, पण उद्या दुसरा कुणी चिकटवेल तो मला कसा दिसणार?

रविवारी सगळी मंडळी लॅबमध्येच जमवली. जेवण मागाहून, म्हटलं, आधी हे. सुनेने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. एकच पान. प्रत्येक सेटिंगची एक ओळ, आणि शब्द मला वाचता येतील असे: काय लिहिलंय, खरं काय चालू आहे, कुणाच्या लॉगिनला, ते कुठून आलं. लिहिलेलं आणि चालू असलेलं जुळलं नाही की ओळ लाल. टेक्निशियनची ओळ तिने मुद्दाम शुक्रवारी होती तशी दाखवली. लिहिलेलं, चालू. खरं, बंद. कुठून, या लॉगिनला चिकटवलेलं. लालभडक.

मी विचारलं, “हे कुणी केलं?”

मला वाटलं होतं, कुणी बोलणार नाही. जावयांनी पुढे वाकून पाहिलं आणि चक्क म्हणाले, “अरे हो! ते मीच. डेटाबेस नवा होता तेव्हा मशीन फार रखडायचं. या लॉगिनला बंद करून दिलं, पळायला लागलं. सगळेच करतात असं.”

इतक्या सहज. पायावर पाय टाकून.

“तुम्ही केलं,” मी म्हटलं.

“हो, विसरूनच गेलो होतो बघा.”

“आणि माझ्या सुनेकडे बोट दाखवलंत तेव्हा?”

“आई, विसरलो म्हटलं ना. कुठे दिसतंय का ते? फाइलमध्ये तर चालूच आहे.” मग त्यांना त्या पानाची भीती वाटली असावी, कारण सूर बदलला. “पण हे असलं पान उघडं ठेवायचं नसतं. प्रत्येकाच्या लॉगिनचं सगळं चव्हाट्यावर? सुरक्षा म्हणून काही असते. काढून टाक हे आधी.”

सून म्हणाली, “हे फक्त पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्यालाच दिसतं.”

“म्हणजे तुलाच.”

“हो. मलाच.”

लेक मध्ये पडली, “आई, जाऊ दे ना आता. चूक ती चूक. यांचा काय तमाशा करायचाय का सगळ्यांसमोर?”

चूक झाली त्याचा मला राग नव्हता. विसरले, तेही मान्य. पण ज्या माणसाने स्वतः खोटं ‘झालं’ बसवून दिलं, तोच माणूस त्या खोट्याच्या नावाने दुसरीची नोकरी खायला निघाला होता, पोटावर कप ठेवून. आणि आता दिवा लावला तर दिवाच विझवा म्हणत होता. माझ्या तोंडाला चव राहिली नाही.

“जावईबापू,” मी म्हटलं, “त्या पिवळ्या पोरीला माझ्यासमोर उभं राहून विचारावं लागलं, मावशी मी काय करू. तिला तुम्ही सांगायला येणार आहात का, की सगळेच करतात असं?”

त्यांनी पायावरचा पाय खाली घेतला.

“पासवर्ड सुनेकडे राहील. पान राहील. आणि तुमचं जे काही लॉगिन अजून आत असेल, त्याचीही ओळ त्यात हवी. आहे का गं?”

“आहे,” सून म्हणाली. “तीन गोष्टी लाल आहेत त्यात.”

मुलाने चष्मा पुसणं थांबवलं. पहिल्यांदाच मान वर करून मेव्हण्याकडे बघून हसत म्हणाला, “तीन?”

“आणि तू हसू नकोस,” मी त्याला म्हटलं. “तुझा डबा आठवतोय मला.”

जेवायला बसलो. जावयांची खुर्ची त्या दिवशी कुणी पुसली नाही. ते जेवले, कमी जेवले. मला त्यांच्या घासाकडे बघवत नव्हतं.

जज्जसाहेबांनी तिसरी डबी आणली ती कागदात गुंडाळून, वर दोरी. “वहिनी, ही शेवटची. पुढच्या वेळी मी दुसरीकडे दाद मागेन.” टेक्निशियनने निकाल भरले, दाबलं, ‘जतन झालं’ आलं. तो डब्या घेऊन उठला, बॉयलरकडे गेला, आणि माझ्याकडे बघत थांबला. बॉयलरवाला इलेक्ट्रिशियन अजून ‘उद्या येतो’च म्हणत होता.

“कर चालू,” मी म्हटलं.

“मोठ्या बाई, उडाली तर?”

“उडू दे.”

उडाली. अंधार. जज्जसाहेबांनी अंधारात सुस्कारा सोडला. सून खुर्चीत ताठ बसलेली, हात मांडीवर दाबून. वीज आली, मशीन गुरगुरत उठलं, तिने यादी उघडली. सगळे होते. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. जज्जसाहेब वाकून स्वतःची ओळ वाचू लागले, चष्मा वर करून. ती वाचण्यासारखी नव्हती, पण होती.

“आहे,” ते म्हणाले, निकाल द्यावा तसं. सुनेने तोंड हातांत लपवलं. रडायचं नाही म्हटलं होतं मी तिला, पण त्या वेळी काही बोलले नाही.

फ्रिजला मी काचेचं दार बसवून घेतलं. बेल वाजो न वाजो, आतलं कुठूनही दिसेल असं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते, तर काचेच्या आतल्या बाजूला, बरोबर खालच्या कप्प्यासमोर, कुणी तरी जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं. नीट, चारी कोपऱ्यांत टेप लावून.

मी पान फाडलं. मागे चेपक्या कोपऱ्याचा डबा.

“डॉक्टरऽऽ!” मी ओरडले, आणि हातमोजे शोधायला लागले.